वायर काढल्यावरही उडालेला फ्लॅश

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर थट्टाच केली. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला माझा फोटो स्टुडिओ होता. कुणी 'भुताचा' फोटो घेऊन आलं की त्यातली चूक काढून दाखवायची, यात मला मजा वाटायची. इथं फिल्मवर उजेड शिरलाय, इथं एकावर एक दोन फोटो आलेत... त्यामुळे स्वतःवर वेळ आली ती गोष्ट लिहायला इतकी वर्षं लागली.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. तेव्हा फ्लॅश वायरीनं कॅमेऱ्याला जोडलेला असायचा. तो लांब ठेवावा तर वायर पाहुण्यांच्या पायात यायची. माझा मित्र रशीद रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं जुन्या ट्रान्झिस्टरचे भाग वापरून दोन डब्या बनवल्या — एक कॅमेऱ्याला, एक फ्लॅशला. मी बटण दाबलं की खोलीच्या पलीकडचा फ्लॅश बिनवायरीचा उडायचा. माझी छाती नुसती फुगलेली असायची.

माझ्या धाकट्या बहिणीचा, विमलचा साखरपुडा ठरला. मुलगा देवळाली प्रवऱ्याचा, मधुकर. नगरला कचेरीत नोकरी, अबोल, सरळ वाटायचा. सगळ्यांना पसंत. मलाही.

सकाळचा कार्यक्रम, आमच्याच ओसरीवर. फ्लॅश मी खांबाजवळ स्टँडवर लावला होता. कुंकू लावून झालं, दोन फोटो छान निघाले. मग मधुकरनं अंगठी हातात घेतली आणि विमलचा हात धरला... लख्खकन उजेड पडला. मी बटण दाबलंच नव्हतं.

लोक हसले. मीही हसलो. "पुन्हा घ्या पाहुणे," म्हणालो.

त्यानं पुन्हा अंगठी पुढं केली. पुन्हा फ्लॅश. माझं बोट बटणापासून लांब.

मुलाचे मामा करड्या आवाजात म्हणाले, "काय चेष्टा चाललीया ही?"

मी कॅमेऱ्याकडच्या डबीतली बॅटरी सगळ्यांदेखत काढून खिशात टाकली. वडील माझ्याशेजारी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तुझ्या मनात हे स्थळ न्हाई का? तसं हाय तर आधी बोलायचं हुतं."

"नाही हो अण्णा, शप्पथ!"

मधुकरनं तिसऱ्यांदा हात पुढं केला. फ्लॅश उडाला.

आता कुणी हसलं नाही. रशीद पाहुण्यांमध्येच बसला होता. तो उठला, स्टँडजवळ गेला आणि तिथल्या डबीतून फ्लॅशला जाणारी वायरच उपटली. वायर लोंबत राहिली. "आता कसा उडतोय बघू," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा मला ठीक वाटला नाही, आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझा संशय त्याच्यावरच गेला. डब्या त्यानं बनवलेल्या, त्यातलं काय ते त्यालाच ठाऊक.

मामा म्हणाले, "घाल रे मधू, उरक."

अंगठी विमलच्या बोटाला टेकली असेल-नसेल... ओसरी पांढरीफटक झाली.

मधुकर घामानं भिजला होता. त्यानं अंगठी ताटात ठेवली, उठून सरळ माझ्यापाशी आला आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं,

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं?"

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी खोटं बोलतोय की काय, हे जोखत असल्यासारखा. मग तसाच बाहेर पडला. मुलाची तब्येत बिघडली असं सांगून पाहुणे जेवण न करताच गेले, आणि दुसऱ्या दिवशी लग्न जमणार नसल्याचा निरोप आला. निरोप मुलाकडूनच होता. घरच्यांना कारण त्यानं सांगितलं नव्हतं म्हणे.

अण्णा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. रशीदनं माझ्यासमोर दोन्ही डब्या खोलल्या. म्हणाला, "भाऊ, मोटरसायकलच्या ठिणगीनं येखादवेळी असं हुतं. पोलिसांच्या वायरलेसनंबी हुईल. पन वायर काढल्यावर?" फ्लॅश आम्ही दिवसभर चालू ठेवून बघितला. आपोआप एकदाही उडाला नाही. पुढं कित्येक लग्नांत मी तोच वापरला, कधी दगा दिला नाही.

विमलला विचारलं तर ती म्हणाली, "दादा, तुम्ही सगळे फ्लॅशकडं बघत होता. मी त्यांच्या हाताकडं. हात आधी थांबायचा... मग उजेड व्हायचा."

तिचं पुढं राहुरीला लग्न झालं, सुखात आहे. मधुकरबद्दल आम्ही चौकशी केली — कचेरीत, देवळालीत, नातेवाइकांत. वावगं असं काही कुणी सांगितलं नाही.

वर्षभरानं तो मला नगरच्या एसटी स्टँडवर भेटला. त्यानंच हाक मारली, विमलची खुशाली विचारली. मला राहवलं नाही.

"मधुकरराव, त्या दिवशी मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मला आजही काही माहीत नाही. काय होतं ते?"

त्याचा विश्वास बसेना. "खरंच माहीत नव्हतं?"

"आईशप्पथ."

तो हसला. सुटका झाल्यावर माणूस हसतो तसं. मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला.

"मग ते कुणी केलं?" त्यानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत तो गर्दीतून वाट काढत समोर उभ्या असलेल्या गाडीत चढला. गाडी देवळालीची नव्हती एवढंच दिसलं. कुठली होती, ते पाटीवर नीट वाचता आलं नाही. पुढं तो मला कधीच दिसला नाही, आणि त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.