जिथं गरी टाकता येईल

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं, हे आमच्या घरात मी कधीच ठरवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ते ठरवायचे मोठे दीर आणि जाऊबाई. ते पुण्यात, आम्ही उलव्यात. वर्षातून एकदा दोन्ही कुटुंबं मिळून सहलीला जायची आणि ती सहल हटकून डोंगरावर असायची. थंड हवा, स्ट्रॉबेरीची दुकानं, घोड्यावर बसून काढलेले फोटो, संध्याकाळी पॉइंटवरून सूर्यास्त. मी स्वेटर घालून त्या पॉइंटवर उभी राहायचे, हातात भाजलेलं कणीस, आणि वाटायचं, सूर्य जिकडं बुडतोय तिकडं समुद्र आहे आणि मी इथं काय करतेय.

यंदा दिरांनी फॅमिली ग्रुपवर तीन ठिकाणं टाकली आणि लिहिलं, आपापलं मत द्या. तिन्ही डोंगरावरची. मी खाली चौथं लिहिलं, "समुद्राकाठचं कुठलंही गाव, जिथं खडकावर बसून मासे धरता येतील."

थोड्या वेळानं जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, मासे खायचेत तर एक दिवस अलिबागला जाऊन येऊ. हॉटेलात बसायचं, ऑर्डर द्यायची."

"खायचे नाहीत ताई, धरायचेत."

"कोण धरणार?"

"मी."

"बायका कुठं मासे धरतात?"

"मी धरते," मी म्हटलं. त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

ही काही फुशारकी नव्हती. माझा जन्म खाडीकाठच्या गावातला. ते गाव आता नाही. विमानतळासाठी ते उठलं आणि जिथं आमचं आवार होतं त्याच्या आसपास आता विमानं उतरतात. आमच्यात बायका चिखलात उतरून शिवल्या, म्हणजे शिंपले, काढायच्या, बिळात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, ओढायच्या, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात बसायच्या. पण होडीत पाय ठेवायचा तो पुरुषांनीच. माझ्या बाबाला आम्ही दोघी मुली. धाकटीला पाण्याची भीती होती. मला नव्हती. म्हणून तो मला होडीत घेऊन जायचा, आणि खाडीच्या तोंडाशी होडी लावून गरी कशी टाकायची ते शिकवायचा. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. लांब दोरी, तिला शिसं, पुढं गरी, आणि दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडलेली. काठी-बिठी काही नाही. मासा काय करतोय ते बोटाला कळायचं.

गावात लोक बोलायचे. एकदा कुणीतरी धक्क्यावर सरळ विचारलं, पोरीला कशाला नेतोस होडीत. बाबा म्हणाला, "पोरगी हाय त काय झाला? दोन हात हायत ना तिला." आणि होडी ढकलली.

गाव उठल्यावर आई-बाबा करंजाड्याला राहायला गेले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट, लादी, सगळं चांगलं. बाबा सकाळी गॅलरीत येऊन उभा राहायचा आणि वारा कुठला आहे ते बघायचा, नंतर मात्र दिवसभर त्याला त्या वाऱ्याचा काही उपयोग नसायचा. त्यानं परत गरी हातात घेतली नाही. तो गेल्यावर मी ठरवलं होतं की मी घेईन. पण बेलापूरला ऑफिस, घरी सासूबाई, मुलीचं शिक्षण, आणि रविवारी उरलेली सगळी कामं. ठरवलेलं तसंच राहिलं. यंदा मुलगी बंगळूरला नोकरीला लागली आणि तिला सुट्टी नव्हती. मला वाटलं, आता नाही तर मग कधीच नाही.

पण सहल एकटीची नव्हती, त्यामुळे ठिकाण शोधणं सोपं नव्हतं. नवरा माण तालुक्यातला. त्यानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो नोकरीसाठी मुंबईला आला तेव्हा, आणि अजूनही तो घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना तळमजल्याची खोली हवी, कमोड हवा, आणि जेवणात मासळी नको, काट्यांचा त्यांना राग आहे. मला हवा होता खडक, ज्याच्या पुढं लगेच खोल पाणी आहे आणि जिथून भरती आली तरी पाय न भिजवता मागं फिरता येतं. हे सगळं एका गावात बसायला हवं होतं.

मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन करायचे.

"तुमच्याकडे फिशिंगची सोय आहे का?"

"आहे ना मॅडम, आमची फिश थाळी फेमस आहे."

दुसऱ्यानं डॉल्फिन दाखवायचं कबूल केलं. तिसरा म्हणाला, बनाना राईड आहे, फॅमिलीला मजा येते. चौथ्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेबांना आवड आहे का? साहेबांना फोन द्या, मी समजावून सांगतो." मी सांगितलं की साहेबांना त्यातलं काही कळत नाही. तो म्हणाला, मग कशाला एवढा त्रास घेता.

अशा किती फोननंतर कोण जाणे, देवगडच्या खाली एका गावातल्या बाईचा नंबर मिळाला. तिच्या घराच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. तिला मी खडकाचं विचारलं. ती म्हणाली, "खडक हत. ओहोटी बघून उतरूचा लागता, आणि पाण्याकडे पाठ करूची नाय." मासे कोण धरणार, हे तिनं विचारलं नाही. मी तिथंच जिन्यात खोल्या पक्क्या केल्या आणि ग्रुपवर तसं कळवलं. गावाचं नाव मी इथं सांगणार नाही. खडक लहान आहे.

संध्याकाळी दिरांचा नवऱ्याला फोन. तिकडचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. दरवर्षीची पद्धत मोडायची काय गरज आहे, आईला कशाला तिकडं फरफटवतोस, तिला मासळीचा वास सहन होत नाही. नवरा हो-हो करत राहिला. फोन ठेवून माझ्याकडे आला.

"अगं, यंदा डोंगरावर जाऊ. तुझं पुढच्या वर्षी नक्की बघू."

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी भांडत नाही. मी एसटीनं जाईन आणि चार दिवसांनी परत येईन."

"एकटी?"

"हो."

त्याला मी रागावलेली चालते, त्याची त्याला सवय आहे. मी शांतपणे बोलले की तो घाबरतो. त्यानं जाऊन आईला विचारलं. सासूबाई टीव्ही बघत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "सपाट हाय का तिथं?"

"सपाट आहे."

"मग तिथंच जाऊया. डोंगरावर माजं गुडघं जात्यात, आन् कुनाला सांगायची सोय न्हाय."

अशी आमची फाटाफूट झाली. दीर-जाऊ डोंगरावर गेले आणि आम्ही तिघं खाली समुद्रावर. जाऊबाईंनी निघायच्या दिवशी फक्त "हॅपी जर्नी" लिहिलं.

पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. मी ओहोटीला खडकावर उतरले, गरीला कोळंबी लावली आणि दोरी फेकली. किती वर्षांनी फेकत होते, शिसं भलतीकडेच गेलं. दुपारपर्यंत लहान मासे कोळंबी कुरतडून खात राहिले आणि दोन गऱ्या कपारीत अडकून तुटल्या. नवरा वर सुरूच्या सावलीत पेपर वाचत बसला होता. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मासं न्हाईत वाटतं या समुद्रात." मी म्हटलं, "आहेत. उद्या बघू."

दुसऱ्या सकाळी घरमालकिणीनं एका होडीवाल्याला बोलावलं. त्याची छोटी मशीनची होडी होती आणि तो पाहुण्यांना बाहेरच्या खडकाळीवर गरी टाकायला न्यायचा. तिथं मोठी तांबोशी लागते, असं ती म्हणाली. मी दोरी, टोपी, पाण्याची बाटली घेऊन तयार झाले. होडीवाला किनाऱ्यावर उभा होता. माझ्याकडे न बघता तो नवऱ्याला म्हणाला, "चला सायबानू."

नवरा म्हणाला, "मी नाही, ही येतेय."

त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "रागावू नकात. पण बायलमाणसाक आमी होडयेत घेणव नाय. होडयेक बरा नसता. सायबांका नेतंय."

"साहेबांना पाण्याची भीती वाटते," नवरा म्हणाला. हे तो कधी कुणापुढं कबूल करत नाही. "आणि मला गळ धरता येत नाही. तिला येतो. तिच्यासाठीच आम्ही इतक्या लांब आलोय."

"तसा नाय जमाचा."

होडीवाला उद्धटपणे बोलत नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. उद्धट असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. मी वाळूत उभी राहून विचार करत होते की पैसे वाढवून द्यावेत का, विनंती करावी का. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. खुर्ची सोडून, काठी टेकत त्या वाळूतून खाली आल्या होत्या.

"काय म्हन्तुय ह्यो?"

नवऱ्यानं सांगितलं.

त्या होडीवाल्याला म्हणाल्या, "आमच्याकडं बाईनं नांगराला हात लावायचा न्हाय. पाऊस पडत न्हाय म्हन्त्यात. जल्मभर म्या हात लावला न्हाय. पेरलं म्या, खुरपलं म्या, काढलं म्या, आन् दुष्काळ पडायचा त्यो पडलाच. तुजी होडी तुला लखलाभ." मग माझ्याकडे वळून, "चल गं. तुजा खडक हाय न्हवं?"

लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही त्या माझ्यासाठी बोलल्या की त्या नांगरासाठी, हे मी विचारलं नाही. मी विनंती केली नाही, पैशांचं काढलं नाही. दोरी उचलली आणि खडकाकडे चालू लागले.

त्या दिवशी ओहोटी चांगली होती. मी आदल्या दिवशीपेक्षा पुढं गेले, जिथं खडक सरळ पाण्यात उतरतो. आता शिसं हवं तिथं पडत होतं. पहिल्यांदा एक शेंगाळा लागला, लहान होता, सोडून दिला. मग बराच वेळ काही नाही. मग दोरीला हलकं टकटक झालं, थांबलं, आणि एकदम अशी ओढ बसली की माझा हात खांद्यापासून पुढं गेला.

मी ओरडले नाही. बाबा सांगायचा, ओरडलं की हात ढिला पडतो. मी दोरी सोडली, परत घेतली, परत सोडली. तो मासा खाली गेला आणि खडकाखाली शिरून बसला. दोरी हलेना. ओढली असती तर तुटली असती. मी तिला थोडी ढील दिली आणि वाट बघत राहिले. दोरीनं बोट कापलं होतं, रक्त येत होतं. मागं कुणीतरी चपला हातात घेऊन घसरत, धडपडत येत होतं. नवरा. त्यानं येऊन माझ्या ओढणीचं टोक घट्ट मुठीत धरलं.

"काय करताय?"

"पडशील."

"ओढणीनं मी थांबणार आहे का?"

"मग काय धरू?"

"कंबर धरा आणि बोलू नका."

मासा बाहेर निघाला. मी भराभर दोरी घेतली. पाण्याखाली आधी लालसर रंग दिसला, मग मासा दिसला. तांबोशी. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी. खडकावर आली तेव्हा नवऱ्यानं घाबरून मला सोडलं आणि तो स्वतःच मागच्या खळग्यातल्या पाण्यात बसला, कमरेपर्यंत. एक लाट येऊन गेली तरी तो तसाच बसून माशाकडे बघत होता.

सासूबाईंनी रात्री त्यातलं खाल्लं नाही. काटे काढून दिले तरी नाही. पण नवऱ्यानं ग्रुपवर टाकलेला फोटो बघून डोंगरावरून जाऊबाईंचा फोन आला आणि त्यांनी विचारलं की खरंच हिनंच धरला का, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "व्हय, तिनंच. म्या हितं बसून बघितलंय. आन् तुमी आज काय बघितलं?"

होडीवाल्यानं तो मासा पाहिला असणार, किंवा गावात ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी तो अंगणात आला. थोडा वेळ घरमालकिणीशी इकडचं तिकडचं बोलला आणि मग मला म्हणाला, "उद्या सकाळी होडयेत येतास काय? भायर ह्येच्यापेक्षा मोठी गावतत."

मला जायचं होतं. बाहेरच्या त्या खडकाळीचं मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या चित्र रंगवलं होतं. पण एका माशानं मला होडीत जागा मिळत असेल, तर मासा मिळाला नसता तेव्हा मी कोण होते, हा प्रश्न मला सोडवेना.

"नको," मी म्हटलं. "माझं इथं बरं चाललंय."

तो मान हलवून गेला. नवरा म्हणाला, "अगं, जायचं ना. त्यानं स्वतःहून विचारलं."

"पुढची जी बाई येईल तिला पहिल्याच दिवशी विचार म्हणावं."

शेवटच्या सकाळी मी पुन्हा खडकावर गेले. काही लागलं नाही. वर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, बॅगा ठेवल्याचा आवाज आला. नवऱ्यानं हाक मारली की आता निघायला हवं, पनवेलच्या अलीकडे ट्रॅफिक लागेल. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि काच खाली करून माझ्याकडे बघत होत्या. भरतीला अजून वेळ होता. मी हातानंच त्याला थांबा म्हणून सांगितलं आणि गरीला नवी कोळंबी लावली.