पंखाखालची अक्षरं

"आबा, मोबाईलला विचारा की. विमान कुठलं ते लगेच सांगतो," सून म्हणाली. मी म्हटलं, "मग मी उन्हात गच्चीवर कशाला उभा राहू?"

माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी अक्षरं शिकलो ती म्हातारपणी, विमानांच्या पंखाखाली गाडीच्या नंबरासारखी लिहिलेली असतात ती. वरून विमान गेलं की फोटो काढायचा, मोठा करायचा आणि अक्षरं लावून ते ओळखायचं. डोक्यावरून कितीतरी जातात. ज्याचं नाव आपण स्वतः वाचलं, तेवढंच आपल्या ओळखीचं.

आजच्या फोटोत शेवटचं अक्षर हललंय. ई की एफ, कळेना. सून हसतेय. हसू दे, पण मोबाईलला विचारणार नाही. ते विमान आज ना उद्या याच वाटेनं परतेल. मी कठड्यावर कोपर घट्ट टेकवून उभा असेन.