विहिरीचा राखणदार इन्स्टॉल होत नाही

आमच्या विहिरीला हाव सोसत नाही. दिवेआगरात आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीच्या मागच्या दगडी गडग्यापलीकडे सुरूची झाडं आणि लगेच समुद्र. वाळूच्या पोटात गोडं पाणी वर आणि खारं खाली असं निजलेलं असतं. बेताने उपसलं तर गोडं येत राहतं. पंप जास्त वेळ चालला की खालचं जागं होतं, वर चढतं, आणि एकदा चढलं की पावसाळा लागल्याशिवाय उतरत नाही. नारळ ते निमूट पितो. पोफळ पीत नाही. चक्रीवादळात उभी बाग आडवी झाल्यावर आम्ही लावलेली कोवळी पोफळ तर मुळीच नाही. पिवळी पडते आणि जाते.

म्हणून पंप चालू असला की कुणीतरी विहिरीवर बसायचं, हा वाडीचा नियम. कुणीतरी म्हणजे आमचे हे. विहिरीच्या आत चिऱ्यावर सासऱ्यांनी चुन्याची खूण केलेली आहे. तिथे पाणी टेकलं की बटण बंद. लाईट कधी येईल आणि कधी जाईल ते वरच्यालाच माहीत, त्यामुळे ह्यांची जेवणं, झोपा, लग्नकार्यं सगळी त्या खुणेला बांधलेली. पुतण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी हे घरी परतले होते.

त्यातून ह्यांची सुटका मी केली, हे नम्रपणे नमूद करते. मुंबईच्या एका कचेरीत मी जन्मभर प्रोग्राम लिहिले. निवृत्त होऊन इथे आल्यावर पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर मागवला, पंपाच्या खोलीत बसवला, विहिरीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर सोडला, आणि पाणी खुणेला आलं की पंप बंद करणारा आणि पंप सुरू-बंद झाला की माझ्या फोनवर निरोप पाठवणारा प्रोग्राम लिहिला. घरात सगळे त्याला राखणदार म्हणतात. त्याने काही उन्हाळे विहीर राखली आणि ह्यांनी दुपारच्या झोपा काढल्या.

ह्या वैशाखात मी राखणदाराला मारलं.

ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डावा तर आधीपासूनच नावाला. एक तारीख ह्यांनी आंब्यांच्या सबबीवर चुकवली होती, म्हणून अलिबागच्या डॉक्टरांनी दुसरी देताना आवाज चढवून सांगितलं होतं, आता लांबवलंत तर नंतर माझ्याकडे येऊ नका. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस वाडीत पाय ठेवायचा नाही, धूळ नको, पाणी नको. राखणदार होता, त्यामुळे चिंता नव्हती. तर निघण्याआधी सगळं ठाकठीक असावं म्हणून मी पंपाच्या खोलीतली धूळ पुसायला गेले आणि पुसता पुसता कॉम्प्युटर अपडेटही करायला घेतला. गावाला निघताना माळा आवरायला काढणाऱ्या बाईचा हात कुणीतरी धरायला हवा. माझा कुणी धरला नाही.

माझा प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतो त्याची जुनी आवृत्ती काढली, नवी घातली. मग पॅकेजांचा अख्खा फोल्डर उडवला आणि सगळी पुन्हा इन्स्टॉल करायला लावली. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार भाग. आपण आणायचा आणि आपल्या प्रोग्रामात बसवायचा. बाकीची सगळी शहाण्यासारखी आली. सेन्सरशी बोलणारं पॅकेज मात्र अडलं. पडद्यावर लाल अक्षरांची भिंत उभी राहिली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, जमलं नाही.

मी काय केलं? तीच आज्ञा पुन्हा दिली. मग पुन्हा. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि पुन्हा.

हे वळण जुनं आहे. मुंबईच्या कचेरीत एक तरुण बाई होती. घट्ट अंबाडा, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि आपल्यावाचून मशीनचं पान हलत नाही अशी समजूत. तेव्हा चुका दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापून यायच्या. ही बाई त्यातली फक्त शेवटची ओळ वाचायची, बाकीचा कागद घरी नेऊन फडताळात अंथरायची, आणि साहेबांना सांगायची, "मशीनला बरं नाहीये." साहेबांनाही काही कळत नसे, त्यामुळे तिची बढती वेळेवर होत गेली. ती मीच, हे आता कोण कशाला नाकारणार? फडताळं मात्र स्वच्छ असायची.

दुपारी लाईट आली आणि पंप सुरू झाला. हे उठले, खुर्ची घेतली आणि विहिरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मी मागे जाऊन उभी राहिले.

"खूण दिसतेय का?"

"दिसतेय की."

"पाणी कुठवर आलंय?"

"अजून हातभर आहे."

मी वाकून पाहिलं. पाणी खुणेच्या खाली गेलं होतं. मी धावत जाऊन बटण बंद केलं. परत आले तर हे तसेच विहिरीत बघत बसलेले. म्हणाले, "मला सगळंच पांढरं दिसतं गं." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "डॉक्टरांना फोन कर. पावसाळ्यानंतरची तारीख घे."

मी फोन केला नाही. पुण्याला नातीला केला. ती सॉफ्टवेअरमध्येच नोकरीला आहे.

"आजी, हे पॅकेज थोडं वेगळं आहे," ती म्हणाली. "त्याचा एक तुकडा ज्याच्या त्याच्या मशीनवरच बांधावा लागतो. आत्तापर्यंत तुला बांधलेला तयार मिळत होता. तुझ्या नव्या आवृत्तीसाठी तयार तुकडा कुणी करून ठेवलेला नाही, म्हणून तुझा कॉम्प्युटर स्वतः बांधायला बसलाय."

"म्हणजे आधी सोललेला नारळ यायचा आणि आता असोला आला."

"हो. आणि तुझ्या घरात कोयता नाही."

"मग जुनी आवृत्ती परत घालते."

"घाल की. जुनीची प्रत ठेवली आहेस?"

सुनेच्या फ्रीजमध्ये तीन दिवसांची आमटी सापडली तर मी बोलून दाखवते, आणि स्वतः एक प्रत ठेवली नव्हती.

"आजी, आता एकच कर. शेवटची ओळ वाचू नकोस. शेवटी नुसती रडारड असते. वरून वाच आणि पहिली तक्रार कुठे आहे ते बघ. ती मिटव, मग पुढची."

एवढं सांगून ती मीटिंगला गेली. वरून वाचायला गेले तर पहिली तक्रार अगदी सरळ होती: पायथन सापडत नाही. बांधकामाचा मुकादम तो, आणि तोच घरात नाही. तो आणला. पुढची तक्रार: कंपायलर नाही. म्हणजे कोयता. तोही आणला. आमच्याकडे इंटरनेट हे माहेरवाशिणीसारखं, येतं कमी आणि जातं लवकर, त्यामुळे त्यात एक अख्खी सकाळ गेली. पण भिंत दर वेळी थोडी बुटकी होत होती आणि मला झिंग चढत होती. नवऱ्याला हाक मारून मी दोनदा सांगितलं की आता झालंच. त्यांनी दोन्ही वेळा बॅग भरायला घेतली आणि दोन्ही वेळा रिकामी केली.

कारण तिसरी तक्रार हलेना. कॉम्प्युटर म्हणत होता, फाइल सापडत नाही. फाइल तर तिथेच होती, मला समोर दिसत होती. मग मी इंटरनेटवरच्या परक्या माणसांचं ऐकायला लागले. एकाने सांगितलं साठवण साफ करा, केली. दुसऱ्याने सांगितलं मालकाचे अधिकार वापरून चालवा, चालवलं. तिसऱ्याने फक्त आपल्यालाही हेच होतंय असं लिहून पुढे काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्याविषयी मला मनापासून वाईट वाटलं. ह्या धांदलीत अंबाडेवाली बाई पुन्हा पुढे येऊन बसली होती आणि मशीनला बरं नाहीये असं म्हणण्याच्या अगदी बेतात होती.

तिला उठवलं. चहा टाकला. सगळी लाल भिंत मोठ्या अक्षरांत टीव्हीच्या पडद्यावर घेतली आणि पोथी वाचावी तशी बोट ठेवून वाचू लागले. कॉम्प्युटर ज्या जागी फाइल शोधत होता ती जागा त्याने लिहिलेली होती. मी ती वाचली आणि बोट तिथेच राहिलं. जागेचं नाव दोन उभ्या दंडांवर येऊन तुटत होतं. त्यापुढे काही नाही.

इथे मला थोडं मागे जायला हवं. आमच्यात नवीन काहीही सुरू करायचं तर माथ्यावर आधी श्री लिहितात. लग्नपत्रिकेवर, वहीच्या पहिल्या पानावर, मुलांच्या उत्तरपत्रिकेवरसुद्धा. कचेरीतली ती बाई ह्या सगळ्याला हसायची. दसऱ्याला कुणी मशीनला झेंडू वाहिला की पाकळ्या आत जातील म्हणून काढून टाकायची. तीच बाई निवृत्त होऊन वाडीत आली आणि नवा कॉम्प्युटर उघडल्यावर तिने पहिला फोल्डर कुठला केला? "॥ श्री ॥". दोन्ही बाजूंना दंड, आणि पत्रिकेवर शोभून दिसावं तशी मधे ऐसपैस जागा. मग सगळं काही त्या फोल्डरच्या पोटात ठेवलं, पंपाचा प्रोग्रामसुद्धा. तयार तुकडे येत होते तोवर त्या नावाशी कुणाला कर्तव्य नव्हतं. पण जागेवर बांधायची वेळ आली तेव्हा बांधणाऱ्याने पहिले दंड वाचले, पुढे मोकळी जागा पाहिली आणि पत्ता इथेच संपला असं समजला. श्रीपर्यंत बिचारा पोचलाच नाही.

नातीला फोन केला.

"आजी, फोल्डरचं नाव काय ठेवलंयस?"

"श्री."

"नुसतं श्री?"

"दोन्हीकडे दंड आहेत."

"आणि मधे जागा सोडलीयेस?"

"दाटीवाटीने बरं दिसत नाही."

तिने फोनचा आवाज बंद केला आणि पलीकडे पोटभर हसून घेतलं. परत आल्यावर म्हणाली, "आजी, नोकरीत हे असं काही केलं होतंस का?"

"तेव्हा मी नास्तिक होते," मी म्हटलं.

पंपाचा फोल्डर उचलून बाहेर आणला, इंग्रजी अक्षरांत एकच सलग नाव दिलं, आणि आज्ञा दिली. ह्यांनी मागून विचारलं, "देवाला कुठे बसवलंस?"

"देव होता तिथेच आहे. पंप तेवढा बाहेर काढलाय."

"मग ठीक."

कॉम्प्युटर बराच वेळ बांधत राहिला. मग पिवळ्या अक्षरांत काही कुरकुर केली, जुन्या माणसांसारखी, जिच्याकडे लक्ष द्यायचं नसतं. लाल एकही अक्षर आलं नाही. पॅकेज बसलं होतं. मी खुर्चीतून उठले तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून वेणी घातली नव्हती.

संध्याकाळी लाईट आली. पंप सुरू झाला आणि आम्ही दोघंही विहिरीवर जाऊन उभे राहिलो. मी बटणाकडे जायचं नाही असं ठरवून हात पदरात गुंडाळून ठेवले होते. ह्यांना खूण दिसत नव्हती, म्हणून हे डोळे मिटूनच उभे होते. पाणी उतरत गेलं. खुणेला टेकलं, आणि पंपाची घरघर थांबली. पोफळीत कुठेतरी पाटाचं पाणी तेवढं वाहत होतं. पदरात फोनवर निरोप आल्याचं वाजलं.

"बंद झाला," हे म्हणाले. मग बॅग भरायला घरात गेले, आणि ह्या वेळी मी मदत केली.

दिघीहून फेरीबोट घेतली, पलीकडे उतरून मुरूडमार्गे अलिबाग. ऑपरेशन खोलीच्या बाहेर बाकावर मी बसले असताना फोन पुन्हा वाजला: पंप सुरू. मी फोन दोन्ही हातांत धरून पडद्याकडे बघत बसले. शेजारच्या बाईंना वाटलं मला नवऱ्याची काळजी लागली आहे. त्यांनी माझा हात धरला आणि मी तो धरू दिला. काही वेळाने आला: पंप बंद. मी त्या बाईंना म्हटलं, "झालं, आता काही नाही." त्यांनी आश्चर्याने बंद दाराकडे पाहिलं, कारण आतून अजून कुणीच आलं नव्हतं. मग डॉक्टर आले आणि त्यांनीही तेच सांगितलं.

परतताना रेवदंड्याला सुक्या मासळीचा वास आला तेव्हा हे पट्टीखालून म्हणाले, "रेवदंडा." पुढे दिघीपर्यंत झोपले.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, पाणी कसं आहे. मी चाखून सांगितलं, गोडं आहे. त्यावर विश्वास ठेवतील तर ते हे कसले. माझ्या जिभेपेक्षा त्यांचा विश्वास तुरीच्या डाळीवर. खारं पाणी जरा जरी मिसळलं तरी डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या घ्या. म्हणून त्या दुपारी विहिरीच्या पाण्यात वरण लावलं. लोण्यासारखं झालं. ह्यांनी मान सरळ ठेवून, डोळा सांभाळून, दोनदा भात वाढून घेतला आणि हात धुऊन खाटेवर आडवे झाले. लाईट आली, पंप सुरू झाला, आणि त्यांनी कूससुद्धा बदलली नाही.