दाराशी थांबलेले दिवे

पडदा वर जातो तेव्हा खोलीत अंधार. मधोमध सूक्ष्मदर्शक, त्यावर ओणवलेली एक बाई, आणि भिंगाखाली चिमुकले हिरवे दिवे, जणू दूरच्या गावाला नुकती जाग येते आहे.

प्रयोगशाळेत तिला सगळे चकतीताई म्हणत. एकवीस वर्षं ती उंदरांच्या गर्भांचे मेंदू कापत आली होती. कागदाहून पातळ चकत्या पाण्यात तरंगायच्या, आणि ताई त्यांना ब्रशाच्या टोकाने काचेवर अलगद निजवायची. उजवी बाजू ओळखता यावी म्हणून प्रत्येकीला सुईची एक बारीक खूण.

ते दिवे म्हणजे मेंदूला आवर घालणाऱ्या पेशी. जन्म खाली, खोलात. तिथून आडवाटेने चालत वरच्या थरात जायचं आणि तिथल्या दंगेखोर पेशींना गप्प बसवायचं. एक जनुक हरवलं की त्या वाटेतच रेंगाळतात. विंगेत नटाला डुलकी लागावी आणि रंगमंचावर नुसता गोंधळ माजावा, तसं.

ताईच्या आठ वर्षांच्या भाचीचं तेच जनुक हरवलेलं. दिवसाआड झटके यायचे. औषध निघालं तरी तिला उशीरच झाला होता, तिच्या पेशींच्या प्रवासाचा काळ कधीच सरला होता, हे ताईला ठाऊक होतं. पण मन कुणाचं ऐकतं?

यंदा जनुक नसलेल्या काही गर्भांना आईवाटे औषध मिळालं होतं. कुठली चकती औषधाची, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून नावांवर कागदी पट्टी. वरच्या थराच्या कडेला एक रेघ, जणू त्या थराचं दार. रेघेला टेकलेली पेशी पोचली असं धरायचं नाही.

ताईने मोजलं, पट्ट्या निघाल्या, औषधाचा गुण आला, दिवे वर पोचले होते. कौतुकात हात आखडता घेणाऱ्या प्रमुख बाई म्हणाल्या, "ताई, आजचा चहा माझ्याकडून." त्या संध्याकाळी ताई घरी चालत गेली नाही, तरंगत गेली.

सकाळी काचा पेटीत लावताना तिचा हात थबकला. औषधाच्या चकत्यांवरची खूण जराशी तिरकी होती. त्या कापल्या त्या आठवड्यात सुई वाकली होती. पट्टी नावावर होती, खुणेवर नव्हती.

त्यातल्या दोन काचा तिने पुन्हा भिंगाखाली पाहिल्या आणि ती तडक बाईंकडे गेली. "बाई, औषधाच्या कुठल्या ते माझ्या नजरेने ओळखलं होतं. खूण माझ्याच हातची. तिथे रेघेवरच्यांनाही मी आत घेत गेले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम असतं तर निदान मला कळलं असतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे माझा चहा फुकट गेला." मग हळूच म्हणाल्या, "बसा. दुसरं कुणी मोजेल. आणि ती सुई आधी फेका."

शेजारच्या खोलीतल्या, खुणेचं काही ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याने नव्याने मोजलं. औषधाचे आकडे खाली आले. बिनऔषधाच्यांहून किंचित जास्त, पण त्याला गुण म्हणता येईना.

संध्याकाळी भाची जमिनीवर पालथी पडून कागदभर हिरवे ठिपके काढत होती.

"आत्या, काल म्हणालीस सगळे दिवे पोचले. मी वर जागाच ठेवली नाही बघ."

ताई तिच्याशेजारी बसली. खोडरबर उचललं, वरचे बरेचसे ठिपके हलकेच पुसले.

"खोटारडी," भाची म्हणाली.

"खोटारडी नाही गं, उतावळी. बरेचसे अजून दाराशीच उभे आहेत, बाळा. त्यांना तिथेच काढ."