पाण्यावरची बैठक

आमच्या भागीदारीत एक नियम आहे, आणि तो मीच केलेला असल्यामुळे कुणाला शिव्याही घालता येत नाहीत. बोटीबद्दलचा कुठलाही निर्णय पाण्यावर घ्यायचा. तिघांनी बोटीत बसायचं, तलावाच्या मधोमध जायचं, इंजिन बंद करायचं आणि बोलायचं. स्टिअरिंग ज्याच्या हातात असेल त्याने सगळ्यांत शेवटी. तिघांचं ‘हो’ झालं तरच हो. एकाचंही ‘नको’ आलं की विषय संपला, आणि जमिनीला पाय लागल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

पहिल्या हंगामात आम्ही तलावाकाठच्या बरुआसागर गावात, बसथांब्यामागच्या टपरीवर चहा पीत निर्णय घ्यायचो. तिथे टपरीवाला मत द्यायचा, बसची वाट बघणारे, आलं विकायला निघालेले व्यापारी मत द्यायचे, आणि उरलीसुरली कसर घरी बायका भरून काढायच्या. बोटीवर छत घालायचं की नाही एवढं ठरायला अख्खा पावसाळा गेला. मी वैतागून म्हटलं, यापुढे पाण्यावर बोलू, तिथे तरी कुणी स्टूल ओढून बसणार नाही.

तिघे म्हणजे मी, माझा मेहुणा आणि बबीना गावचे एक सुभेदार. मेहुणा हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं कापडाचं दुकान बसलं तेव्हा ही बोटीची कल्पना त्याच्याच डोक्यातून निघाली. सुभेदार गुडघा दुखावून फौजेतून लवकर घरी आलेले, घरात बसून बायकोला कवायत शिकवायला लागले, म्हणून तिनेच त्यांना आमच्याकडे पाठवलं. आणि मी कारखान्यातून मुदतीआधी बाहेर पडलेला, शहरात ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत राहणारा, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणारा माणूस. बोट चालवायचा परवाना तिघांत फक्त माझ्याकडे. परीक्षेला ते दोघेही बसले होते. सुभेदारांना गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहता आलं नाही, आणि मेहुण्याने परीक्षकासकट बोट धक्क्यावर आदळली.

तेव्हा मी हसलो होतो. मग वर्षं गेली आणि त्यातली गोम कळली. जगाला सुट्टी असली की मला गर्दी. दिवाळी, संक्रांत, लग्नसराई, रविवार, सगळं त्या तलावावर. पगारी चालक ठेवून पाहिले. एक दिल्लीला पळाला, दुसरा दुपारीच झिंगून यायला लागला. शेवटी परत मीच. किल्ल्याच्या खालून निघायचं, गोल फिरायचं, त्याच धक्क्याला यायचं. स्पष्ट सांगतो, मला त्या पाण्याचा वीट आला होता. लोक म्हणायचे, काय मजा आहे तुमची, रोज नौकाविहार. घाण्याच्या बैलालाही कुणीतरी असंच म्हणत असेल.

मुलगी नागपूरला असते. तिला नोकरी, पोर लहान, आणि आम्हा दोघांना तिथे कायमचं बोलावून तिला तीन दिवाळ्या झाल्या होत्या. बायकोचं मन केव्हाच तिकडे गेलं होतं. दिवाणाखाली तिची बॅग अर्धी भरून ठेवलेली असे. थंडीत लागेल म्हणून ती त्यातून शाल काढायची आणि उन्हाळ्यात पुन्हा आत घालायची. मी दर वेळी म्हणायचो, एवढा हंगाम जाऊ दे. ती काही बोलायची नाही, आणि ते न बोलणं मला भांडणापेक्षा जड जायचं. मी सोडलं तर बोट बंद, आणि बोट बंद म्हणजे मेहुण्याची चूल बंद, सुभेदारांची पुन्हा घरातली कवायत. कुणी मला बांधून ठेवलं नव्हतं, तरी मी हलू शकत नव्हतो.

अशात जेट बोटीची गोष्ट निघाली. कानपूरच्या बाजूचा एक विक्रेता ट्रेलरवर नमुन्याची बोट घेऊन गावोगाव फिरत होता. आमच्या बोटीच्या दुप्पट मोठी, पांढरीशुभ्र, बसायला गाद्या. महिनाभर आम्ही तिच्यावरच बोलत होतो, अर्थात पाण्यावर. मेहुण्याचं म्हणणं, लग्नाआधी फोटो काढायला येणारी जोडपी आपल्या पत्र्याच्या छताकडे बघून परत जातात, हिच्यापुढे रांग लावतील. सुभेदारांना आवडलं ते हे, की तिला बाहेर फिरणारा पंखाच नाही. खालून पाणी आत ओढते आणि मागून जोरात फेकते. पोरं पोहत असली तरी जिवाला घोर नाही. मी वजन, वळण, डिझेल असं काय काय विचारत होतो, पण मला तिचा एकच गुण दिसत होता. तिच्यासोबत कंपनीचा शिकवलेला चालक येणार होता, पक्का, आणि जुनी बोट विकायची होती. ती बोट आली की माझी सुटका.

आणखी एक गुण तिघांनाही पटला होता. आमच्या तलावात शिंगाड्याची लागवड होते. दसऱ्याच्या सुमाराला निम्मं पाणी वेलींनी झाकून जातं, आणि शिंगाडेवाले बांबू रोवून आम्हाला जायला एक गल्ली सोडतात. गल्ली चुकली की वेल पंख्याला गुंडाळते. मग इंजिन उचलायचं, कोयता काढायचा, अर्धा तास ओणवं होऊन कापत बसायचं. इतकी वर्षं आमचं वैर पंख्याशी. तेव्हा पंखाच नाही तर वेल अडकणार कशात, हे आम्हाला दोन आणि दोन चार इतकं उघड वाटलं. विक्रेत्याला विचारावंसंही वाटलं नाही.

ज्या दिवशी अखेरचा निर्णय होता त्या दिवशी निघताना बायकोने डबा हातात दिला आणि विचारलं, “आज सुटाल ना?”

“सुटतो,” मी म्हटलं. इतक्या खात्रीने मी बरीच वर्षं काही बोललो नव्हतो.

नमुन्याची बोट पाण्यात उतरली. विक्रेता म्हणजे टोपी घातलेला, चाळिशीतला, भलताच गोड बोलणारा गृहस्थ. थोडं फिरवून त्याने स्टिअरिंग माझ्या हाती दिलं. आणि खरं सांगू, बोट छान होती. हात लावताच वळत होती. ‘हिला चालवणारा दुसराच कुणीतरी असेल’ या विचाराने मला ती जास्तच छान वाटत होती. गल्लीच्या तोंडाशी मी वेग कमी केला.

“जीजाजी, गल्ली कशाला आता?” मागून मेहुणा म्हणाला. “पंखाच नाही. सीधे घाला ना आत.”

“हओ, देख तो लेवें,” सुभेदार म्हणाले.

विक्रेता त्या क्षणी माझा फोटो काढण्यात गुंतला होता. मी स्टिअरिंग वळवलं आणि वेलींत बोट घातली. थोडं अंतर झोकात कापलं. मग इंजिनाचा आवाज चढला, बोट मात्र जागच्या जागी राहिली. विक्रेत्याने फोन टाकून धाव घेतली. मागचं झाकण उघडून तो कोपरापर्यंत हात घालून वेली ओढू लागला. त्या येतच राहिल्या, हिरव्या, चिकट, संपेचनात.

“सर, ये तो पानी के साथ सब खींच लेती है,” तो म्हणाला. “साफ पानी की चीज है.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जी बोट खालून पाणी ओढते ती त्यातली वेलही ओढणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. इंजिन तापून बंद पडलं. मेहुणा म्हणाला, आपली बोट बोलवून घेऊ. तेव्हा मी खिशात हात घातला आणि जुन्या बोटीची किल्ली बाहेर काढून त्याला दाखवली. ती चालवू शकणारा माणूसही याच बोटीत बसला होता.

पलीकडे एक शिंगाडेवाला टिनाच्या डोंग्यात बसून तोडणी करत होता. सुभेदारांनी हाक मारली. त्याने आमच्याकडे, मग आमच्यामागे चिरडलेल्या वेलींच्या पट्ट्याकडे पाहिलं.

“पैलें जा लैन तोड़ लें,” तो म्हणाला, “फिर आत।” म्हणजे आधी ही ओळ तोडून होऊ दे, मग येतो, आणि पाठ करून कामाला लागला. त्याची ओळ लांबलचक होती.

ऊन आश्विनातलं, डोक्यावर छत नाही. गाद्या इतक्या तापल्या की बसवेना. चारी बाजूंना हिरवी पानं पसरलेली, वाटावं चालत जाता येईल, आणि खाली तीन पुरुष खोल पाणी. किनारा दिसत होता, टपरी दिसत होती, टपरीवरचे लोक आमच्याकडे बोट दाखवत होते तेही दिसत होतं. आयुष्यात प्रथमच तो तलाव जसा मला आतून वाटत होता तसा बाहेरून झाला होता.

मग मेहुणा हळूच म्हणाला, “इंजिन बंद आहे. तिघे पाण्यावर आहोत. बैठक उरकून घेऊ या का?”

परक्या माणसासमोर बैठक होत नाही, पण परक्याला पाठवायचं कुठे? विक्रेता समजूतदार निघाला. तो बोटीच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला आणि कानात गाणी लावली.

माझी खात्री होती, दोघेही नको म्हणतील. बोट समोर फसलेली होती, बोलायला उरलं होतंच काय? स्टिअरिंग माझ्याकडे होतं, म्हणजे मी शेवटी, आणि माझ्यापर्यंत पाळीच येणार नव्हती. कुणा एकाचं ‘नको’ पुरेसं होतं, आणि निदान ते माझ्या तोंडून जाणार नव्हतं. बायकोला सांगायला तेवढं बरं.

“माझं हो,” मेहुणा म्हणाला.

मला वाटलं उन्हाने त्याचं डोकं फिरलं.

“वेली काही बारा महिने नसतात,” तो खाली बघत म्हणाला. “पाच महिने बंद ठेवू. बघू काहीतरी.” हंगामाचे नेमके तेच पाच महिने होते, हे त्यालाही ठाऊक होतं. थोडं थांबून तो म्हणाला, “ताई आली होती माझ्याकडे. पहिल्यांदा काही मागितलं तिने. मी शब्द दिलाय तिला.”

सुभेदार गुडघा चोळत बसले होते. “हमाई तरफ सें सोई हओ,” ते म्हणाले, म्हणजे त्यांचंही हो. मग माझ्याकडे वळून हिंदीत, “भाईसाब, आप जाइए। बहुत हो गया। हम देख लेंगे।”

आता दोघेही माझ्या ‘हो’ची वाट बघत होते.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात या दोघांना लाखोली वाहत आलो होतो, की यांनी मला अडकवून ठेवलं. आणि ते तर दार उघडून उभे होते. एक अक्षर बोलायचं होतं मला, की महिन्याभरात मी नागपूरला. इकडे हे दोघे एका पांढऱ्याशुभ्र बोटीत, जिच्यासाठी सगळं घालून बसलेले, ऐन हंगामात धक्क्यावर बसून राहणार, आणि तोंडातून ब्र काढणार नाहीत, कारण जमिनीवर विषय काढायचा नाही. मला त्यांचा राग आला. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी त्यांच्यावर चिडून का होईना, कधीतरी निघून गेलो असतो. असं मोकळं सोडल्यावर माणूस जाणार कसा?

शिंगाडेवाल्याची ओळ संपत आली होती.

“नको,” मी म्हटलं.

मेहुणा काहीतरी बोलायला गेला. सुभेदारांनी त्याच्या हातावर हात ठेवला. नियम नियम असतो.

शिंगाडेवाला आला, दोर बांधला आणि वाटभर आमचा उद्धार करत आम्हाला गल्लीपर्यंत ओढून नेलं. तिथून पुढे आम्ही फळ्यांनी वल्हवत आलो. त्याने दोर सोडला तेव्हा मी त्याची क्षमा मागितली, तर त्याने गमछ्यातले मूठभर शिंगाडे माझ्या डब्यात टाकले. जमिनीवर आल्यावर कुणी काही बोललं नाही. मेहुणा बसपर्यंत माझ्याबरोबर चालत आला, एवढंच.

घरी पोचलो तेव्हा बायको दिवाबत्ती करत होती. माझी गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, तिला चिकटलेली वेल, सगळं तिने एका नजरेत पाहिलं. मी डबा पुढे केला. तिने शिंगाडे ताटलीत काढले आणि सोलायला बसली.

“माझा भाऊ फिरला ना शब्दाला?” तिने विचारलं.

जमिनीवर बोलायचं नसतं. तो नियम मी तेवढ्यापुरता मोडला. “नाही,” मी म्हटलं. “त्याने हो म्हटलं. सुभेदारांनीही. नको मी म्हटलं.”

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं ती का म्हणून विचारेल, मग मी सगळं सांगेन, वेली, ऊन, त्या दोघांचे चेहरे. माझी वाक्यं बसमध्येच जुळवून झाली होती. तिने विचारलं नाही. एक सोललेला शिंगाडा माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः खाल्ला.

“गोड आहेत,” ती म्हणाली. मग उठली, दिवाणाखालची बॅग ओढून पुसली आणि शाल आत घातली. थंडी अजून यायची होती.

“मी पुढे जाते,” ती म्हणाली. “लेकीला कितीदा सांगायचं, एवढा हंगाम जाऊ दे म्हणून. रविवारच्या गाडीने जाईन.”

“मी येतो स्टेशनवर.”

“नका येऊ. रविवारी तुम्हाला गर्दी असते.”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडलो असतो. नव्हता. रविवारी खरंच फार गर्दी होती.