बेचक्यातला बर्फ

अर्डिस टोलेफ्सरूड बर्फाला घाबरते, हे मिटन तळ्याच्या काठी लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ती मूळची डाकोटातल्या गव्हाच्या सपाट मुलखातली. तिकडे पाणी असायचं ते विहिरीत, नाहीतर बादलीत. लग्न होऊन उत्तर मिनेसोटात आली, तेव्हा पहिल्याच जानेवारीत नवरा मर्ल तिला पिकअपमध्ये बसवून गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या वार्डल गावात न्यायला निघाला. काठ सुटला आणि खालून बर्फ लांबलचक कण्हला. अर्डिस दार उघडून खाली उतरली, ती काही केल्या परत चढेना. मग पुढे गाडी आणि मागे लग्नातले नवे बूट घातलेली नवरी, अशी वरात वार्डलला पोचली. गावाला हसायला वर्षभर पुरलं.

"अगं, बर्फ बोलतो तोवर चांगला असतो," सासऱ्याने समजावलं. "गप्प बसला की काळजी करायची."

तिला ते पटलं, पण भीती गेली नाही. तिने एक नेम मात्र धरला: गिरमिटाने भोक पाडून बर्फ किती जाड आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुढे तिने आणि मर्लने काठावर आमिषाचं दुकान काढलं. बर्फात भोक पाडून गळ टाकणारे लोक छोटे जिवंत मासे न्यायला तिथे यायचे आणि जाता जाता विचारायचे, "आज कुठवर गेली होतीस?" जिथवर अर्डिस गेली, तिथवर कुणीही बिनघोर जावं, अशी रीतच पडून गेली. मग वार्डलच्या रेडिओवाल्यांचा रोज सकाळी फोन यायला लागला. कुठला कोपरा पक्का, कुठे भेग, स्नोमोबाइलच्या, म्हणजे हिमावर पळणाऱ्या फटफट्यांच्या, वाटा कशा आहेत, हे ती सांगायची आणि तळ्याकाठचं प्रत्येक स्वयंपाकघर कान देऊन ऐकायचं. घाबरटाचा शब्द खरा, म्हणायचे लोक.

यंदाचा हिवाळा मात्र तिला पहिल्यापासून खुपत होता. बर्फ धड धरलाही नव्हता, तेवढ्यात ढीगभर हिम पडलं. हिमाची दुलई अंगावर असली की खालचा बर्फ वाढत नाही. वरच्या ओझ्याने तो दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली लपून राहतं. वरून पाहावं तर पांढरंशुभ्र, आत नुसता रेंदा. त्यात तळ्याचा आकार नावाप्रमाणेच अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखा. पंजा आणि अंगठा यांच्या बेचक्यात एक ओढा येऊन मिळतो. तिथलं पाणी बारा महिने वाहतं आणि बर्फ खालून कुरतडतं. नेमकी तिथूनच स्नोमोबाइलची वाट तळं ओलांडत होती.

शनिवारी मासेमारीची स्पर्धा होती. त्याआधी स्नोमोबाइलच्या वाटा सांभाळणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कर्ट ओस्टबी दुकानात आला. मंडळाचं हिम दाबून वाट सपाट करायचं मोठं पट्ट्यांचं यंत्र मर्लच चालवायचा.

"अर्डिस, एक विनंती आहे," कर्ट टोपी काढत म्हणाला. "उद्या रेडिओवर बेचक्याचं नाव काढू नकोस."

"मी ते तपासलेलंच नाही अजून."

"तेच म्हणतोय मी. तपासलं नाहीस, तर बोलतेस कशाला? बाहेरगावचे लोक यायचेत. मोटेलवाल्यांनी खोल्या गरम करून ठेवल्यात. तू नुसतं 'हं' केलंस तरी निम्मे लोक घरी बसतात."

मर्ल काउंटरला टेकून कॉफी पीत होता. "दरवर्षी हिचं हेच," तो हसत म्हणाला. "हिचं ऐकलं असतं तर आपण जुलैत मासे धरले असते."

दोघेही हसले. अर्डिसही हसली, आणि तिथेच फसली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर तिने तळ्याच्या पंज्याचं सांगितलं, अंगठ्याच्या खाडीचं सांगितलं, जंगलातल्या वाटांचंही सांगितलं. बेचक्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिने फोन ठेवला. 'काही बोलली नाही म्हणजे ठीकच असणार,' हे लोक गृहीत धरणार, हे तिला न कळायला ती काय काल आली होती?

"आधी जंगलातली वाट दाबणार आहेस ना?" तिने मर्लला विचारलं.

"हो गं बाई. तळं शेवटी."

तो गेल्यावर तिने दोन गिऱ्हाइकं केली. एकाला आमिष कमी दिलं, दुसऱ्याला दुप्पट. शेवटी दुकानाला कुलूप लावलं, गिरमिट स्नोमोबाइलला बांधलं आणि काठाकाठाने बेचक्याकडे निघाली. पहिलं भोक बरं निघालं. थोडं पुढे दुसरं पाडलं, तर गिरमिट लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि काळं पाणी भसाभसा वर आलं. बुटांवरून पाणी वाहत असतानाच तिची नजर बाजूला गेली. पट्ट्यांच्या रुंद खुणा जंगलातून नव्हे, सरळ खाडीवरून बेचक्याकडे गेल्या होत्या. ताज्या होत्या.

तिने मर्लला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. यंत्राच्या घरघराटात त्याला ऐकू येत नसेल, असं ती स्वतःला बजावत राहिली.

खाडीत वायनो केटुनेनचं मासेमारीचं खोपटं होतं. ऐंशीचा म्हातारा, बायको गेल्यापासून हिवाळाभर तिथेच. अर्डिसने दार ढकललं, तेव्हा तो भोकात सोडलेल्या दोरीवर डोळा ठेवून बसला होता.

"दार लाव, पोरी. माशांना सर्दी होईल."

"वायनो, मर्लला पाहिलंत का तुम्ही?"

"पाहिलं तर! मघाशी गेला. हात केला, थांबला मात्र नाही. जंगलात झाड आडवं पडलंय, म्हणून आधी इकडे आला असेल."

"यंत्राचा आवाज येतोय का?"

म्हाताऱ्याने मान तिरकी केली. दोघं ऐकत राहिली. शेगडीत लाकूड तडकलं, एवढंच.

"बराच वेळ झाला बंद होऊन," वायनो हळूहळू म्हणाला. "मला वाटलं, डबा खातोय." मग त्याने दोरी तशीच सोडली, भिंतीवरचं दोरखंड काढलं आणि मासे ओढायची लांब घसरगाडी ओढत बाहेर आला. वाटेतच त्याने फोन करून वार्डलहून मदत मागवली.

यंत्र बेचक्याच्या तोंडाशी दिसलं. मागचा भाग रेंद्यात रुतला होता, नाक वर. आत कुणी नव्हतं. वायनोने आरोळी ठोकली.

"येऊ नका!" पलीकडून उत्तर आलं.

मर्ल यंत्राच्या पुढच्या बाजूला, बर्फाच्या एका तुकड्यावर पालथा पडला होता. मागे रेंदा दिसला म्हणून पुढे उडी मारली, तर पुढे प्रवाह. कमरेपर्यंत पाण्यात गेला होता. कसाबसा वर आला, पण आता पाय हलत नव्हते.

"मदत बोलावली आहे," वायनो अर्डिसला म्हणाला. "वार्डलहून यायला वेळ लागेल. मी जातो."

"तुमच्या वजनाने तर सगळ्यांनाच जलसमाधी मिळेल."

हे आपणच बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं. तिथे सगळ्यांत हलकी तीच होती. तिने दोरखंड कमरेला आणि घसरगाडीला बांधलं. दुसरं टोक वायनोने पक्क्या बर्फावरच्या स्नोमोबाइलला बांधलं. मग ती घसरगाडीवर पोट टेकून आडवी झाली आणि हातांनी स्वतःला ओढत, प्रवाह टाळून वळसा घेत निघाली.

बर्फ गप्प होता. तो कण्हावा, कडकडावा, काहीतरी बोलावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं. कोपरं हिमात रुतत होती आणि रुतल्या जागी पाणी साचत होतं. दात वाजू नयेत म्हणून ती बोलत राहिली.

"मर्ल! झोपू नकोस. डब्यात काय दिलं होतं सांग."

"...सँडविच."

"कसलं?"

"हरणाच्या मांसाचं. लोणचं विसरलीस तू."

"विसरले नाही, संपलंय. हात पुढे कर."

"परत जा, अर्डिस. फुटतंय इथलं."

"हात पुढे कर, मेल्या!"

त्याची बोटं लाकडासारखी झाली होती. पकडता येईना. तिने त्याच्या कोटाची कॉलर घसरगाडीच्या दांड्याला बेल्टने आवळली, त्याच्या पाठीवर हात टाकला आणि वायनोला ओरडून सांगितलं. त्याने स्नोमोबाइल काठाकडे नेली तसं दोरखंड ताणलं गेलं. घसरगाडी हलली तशी खालचा बर्फ वाकला. पाणी तिच्या छातीखाली आलं, मग खांद्यापर्यंत. तिने डोळे मिटले. कुठल्यातरी देवाचं नाव घ्यावं, तर एकही आठवेना. मग खाली पक्का, खरखरीत बर्फ लागला आणि वायनो तिच्या डोक्याशी उभा राहून मोठमोठ्याने रडत होता.

खोपट्यातल्या शेगडीपाशी मर्लला कोरड्या गोधड्यांत गुंडाळलं. तोवर वार्डलची माणसं काठाने येऊन पोचली. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. यंत्र संध्याकाळच्या आत तळाशी गेलं.

कर्ट डोनटचा खोका घेऊन इस्पितळात आला. मर्लची विचारपूस झाल्यावर खाली बघत म्हणाला, "यंत्रात बिघाड झाला, असंच सांगू या ना लोकांना. स्पर्धा दुसरीकडे नेता येईल."

"बर्फ कच्चा होता आणि मला बोलू नको म्हणून तू सांगितलंस," अर्डिस म्हणाली. "आणि मी ऐकलं. हे दोन्ही मी उद्या रेडिओवर सांगणार आहे."

"अगं, गावात लोक काय म्हणतील?"

"हसतील. मला सवय आहे."

तिने सांगितलं. लोक हसले मात्र नाहीत. काही मोटेलवाल्यांनी तिच्याकडून आमिष घेणं सोडलं. कर्ट महिनाभर तिच्याशी बोलला नाही, मग एक दिवस स्वतःच येऊन बेचक्यातले खुणेचे खांब उपटायला मदत मागून गेला. वाट आता वायनोच्या रानातून वळसा घालून जाते. त्याची अट एकच: शनिवारी तो वाफेच्या न्हाणीत बसलेला असताना कुणी गोंगाट करायचा नाही.

मर्लला कुबडीशिवाय चालता यायला मार्च उजाडला. त्याच आठवड्यात एका सकाळी अर्डिस टाकीतले मासे मोजत होती आणि तिला खिडकीतून तो दिसला. हातात पहार, पाठीला गळाची पिशवी, लंगडत तळ्यावर निघालेला. तिला विचारलं नव्हतं. काठापासून थोडं पुढे जाऊन त्याने पहार आपटली, वाकून पाहिलं आणि पुढे गेला.

"बाई, दोन डझन हवेत," काउंटरपाशी उभा असलेला माणूस म्हणाला. मग पुन्हा म्हणाला.

"देते," अर्डिस म्हणाली. तिचा हात टाकीच्या गार पाण्यात तसाच राहिला होता आणि नजर बाहेर. मर्लने पुन्हा पहार आपटून पाहिली आणि मगच आणखी एक पाऊल टाकलं.