गडग्यातली अंडी

मी भित्री आहे हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझी भीती गप्प बसत नाही, ती रागावून बाहेर पडते. मुलगी विहिरीच्या काठाशी गेली की मी ओरडते, फणसावर चढली की ओरडते, आणि सगळ्यांत जास्त ओरडायचे ती गडग्यापाशी गेली की.

आमचं आणि शेजारच्या मावशीचं घरामागचं परडं यांच्यामध्ये हा गडगा आहे. सिमेंट वगैरे काही नाही, नुसते दगडावर दगड रचलेले. त्यातल्या एका पोकळीत मावशीची तांबडी कोंबडी अंडी घालायची. मावशीने तिला चांगलं खुराडं करून दिलं होतं, त्यात ती रात्रीपुरती झोपायची. अंड्यांसाठी मात्र तिला गडगाच लागे. माझी सात वर्षांची मुलगी रोज सकाळी त्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालायची आणि गरम अंडं काढून मावशीला नेऊन द्यायची. मी घरातून ओरडायचे, "बघल्याशिवाय हात घालू नको गो!" तिच्या कानावरून ते वाऱ्यासारखं जायचं.

मावशी हसायची. "तुझ्या भियान ह्यां पोर एक दिवस घराभायर पडाचा नाय," म्हणायची.

मावशी ख्रिस्ती. चतुर्थीला आमच्या मोदकांचं ताट तिच्याकडे जातं, ईस्टरला तिचं ताट आमच्याकडे येतं, आणि कोणाचंच ताट रिकामं परत जात नाही. एरवी ती काजूचं मार्झिपान, म्हणजे पाकात घोटलेली काजूची मिठाई, करते. पण त्या वर्षी मुंबईहून तिची नातवंडं आली होती, दहा वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू, आणि त्यांना स्वतःच्या हातांनी काहीतरी करायचं होतं. गरम पाक आणि मुलं एका जागी नकोत म्हणून मावशीने बिस्किटांची अंडी करायची ठरवली. गॅस पेटवायचाच नाही. ऐकून मला बरं वाटलं. भाजायला काही नाही, कापायला काही नाही, म्हणजे घाबरायलाही काही नाही, असं समजून मी मुलीला घेऊन तिच्याकडे गेले.

मारी बिस्किटं पिशवीत घालून मुलांनी लाटण्याने कुटली. त्यात कोको, काजूचा चुरा आणि डब्यातलं घट्ट गोड दूध घालून मळलं. मग तीन जोड्या हातांनी अंडी वळली गेली. कोणाची बोराएवढी, कोणाची बटाट्याएवढी. ती रंगवलेल्या सुक्या खोबऱ्यात लोळवायची होती. हिरवं खोबरं नातीने घेतलं, पिवळं नातवाने, आणि माझ्या मुलीने लाल. लोळवलं किती आणि चाटलं किती, ते तिलाच ठाऊक. अंडी फ्रीजमध्ये गेली आणि दर मिनिटाला फ्रीजचं दार उघडायला लागलं.

"घट्ट झाली?" माझी मुलगी विचारी.

"सारखा दार उघडलास तर कशी होतली?" मावशी तिला दटावी. "वायच दम धर."

अंडी घट्ट झाली, आणि नातीने मोबाइलवर पाहिलेली नवी गोष्ट काढली. ती म्हणाली, ईस्टरची अंडी लपवायची असतात आणि दुसऱ्याने ती शोधायची असतात. मावशीला ते काही पटलं नाही. "खावच्या वस्तू लपवतत कित्याक?" असं पुटपुटत तिने अंडी कागदात गुंडाळून दिली. नातीने लपवायची, माझ्या मुलीने शोधायची, असं ठरलं. मी बाहेरच्या ओट्यावर चहा घेऊन बसले.

परदेशात ती अंडी कुठे लपवत असतील ते असो. आमच्याकडच्या मुलांना अंडी कुठे असतात ते पक्कं माहीत असतं. तणाच्या उडवीखाली, म्हणजे पेंढ्याच्या गंजीखाली असतात, खुराड्यात असतात आणि गडग्यात असतात. नातीला ती पोकळी माझ्याच मुलीने सकाळी दाखवली होती. त्यामुळे "शोध" म्हटल्याबरोबर माझी मुलगी जराही विचार न करता सरळ गडग्याकडे धावली. मी कप खाली ठेवेपर्यंत तिचा हात आत होता.

तिने हात झटकन बाहेर काढला. रडली नाही. बोट बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माका कायतरी चावला."

बोटाला मघाचं कोकोचं मिश्रण लागलं होतं. मी ओढणीने ते पुसलं. मधल्या बोटाच्या पेरावर दोन बारीक लाल टिंबं होती, अगदी जवळजवळ. काटा असेल, दगडाची कपची असेल, मी स्वतःला सांगत होते. तेवढ्यात मावशी पोकळीजवळ कान नेऊन वाकली आणि मागे सरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आवाज येता गो आतसून," ती म्हणाली. "घासल्यासारो."

अंगावर अंग घासून तसा आवाज फुरसं करतं. वीतभर लांबीचा, मातीच्या रंगाचा विषारी साप. ते चावलं की रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून रक्त यायला लागतं, हे आमच्या कातळावरच्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असतं. ओरडायची वेळ होती तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटेना.

मावशीच्या घरवाल्यांची, काकांची, रिक्षा दारात होती म्हणून बरं. काकांनी मुलीला उचलून आत बसवलं, एक पाऊल चालू दिलं नाही. हात हलू नये म्हणून मावशीने बिस्किटं कुटायचं लाटणंच तिच्या हाताखाली धरलं आणि माझ्या ओढणीने सैलसर बांधलं. वाडीच्या तोंडाशी कोणीतरी रिक्षा अडवून सांगायला लागलं, आधी विषावर मुळी देणाऱ्याकडे जावा, त्याचा हात चांगला आहे. माझा आवाज परत आला तो तिथे. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मालवणचा रस्ता इतका लांब कधीच वाटला नव्हता. "आ कर," मी मुलीला म्हटलं. तिने तोंड उघडलं आणि मला दिसलं ते सगळं लाल. हिरड्या लाल, दातांच्या फटी लाल, जीभ लाल. मी ओढणीचं मोकळं टोक तिच्या हिरड्यांवरून फिरवलं. तेही लाल झालं.

"रंग आसा गो तो," मावशी म्हणाली. "खोबऱ्याचो. मीच घातलंय सकाळी."

पण तीही वाकून मुलीच्या तोंडात बघत होती. मी ते टोक हुंगलं. गोड वास आला. तरी पुन्हा पुसलं, पुन्हा हुंगलं. सगळ्या वाटेत मी दुसरं काही केलं नाही. रंग कुठे संपतो आणि रक्त कुठे सुरू होतं, ते मला कळेना. आणि मला मावशीचा राग येत होता, तिच्या नातीचा येत होता, त्या कोंबडीचा तर इतका येत होता की हातात सापडली असती तर मान मुरगळली असती.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोट पाहिलं, दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढलं, काचेच्या कोरड्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली.

"ताई, ही वीस मिनिटं हलवायची नाही," त्या म्हणाल्या. "मग वाकडी करून बघू. रक्त गोठलं असेल तर बरं. पातळ राहिलं तर लगेच इंजेक्शन सुरू करू."

"इंजेक्शन आहे ना?"

"आहे. तुम्ही बसा."

मी बसले. बोटभर उंचीची नळी आणि तिच्या तळाशी माझ्या मुलीचं रक्त. माझ्या शेजारी मावशीच्या हातात तिची जपमाळ, ओठ हलत होते. मी आमच्या ग्रामदेवतेला काय काय कबूल केलं त्याला हिशोब नाही. नवरा कणकवलीहून निघाला होता, त्याचा फोन वाजत होता आणि मला तो घेववत नव्हता. नळी उचलावी, जराशी कलती करावी, नुसतं बघावं, एवढंच मनात होतं. माझा हात पुढे गेलासुद्धा.

"आई, हात लावू नको," मुलगी खाटेवरून म्हणाली. "सारखा बघलास तर घट्ट कसा होतला?"

मावशीने तोंडाला पदर लावला. मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

वेळ झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नळी दोन बोटांत धरली आणि हळूच आडवी केली. आतलं रक्त जागचं हललं नाही. "गोठलंय," त्या म्हणाल्या. कधी कधी चावतं पण विष सोडत नाही, असंही म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं, पुन्हा पुन्हा रक्त तपासलं, दर वेळी ते गोठलं. दर वेळी नळी आडवी होईपर्यंत मी मात्र मरत होते.

काकांनी गडग्याचे दगड काढले तेव्हा फुरसं तिथेच होतं, कागदात गुंडाळलेल्या अंड्याला लागून. ती पोकळी त्यांनी सिमेंटने बुजवली. कोंबडी आता उडवीखाली अंडी घालते.

यापुढे ईस्टरला काही करणार नाही, असं मावशीने मनाशी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी मीच बिस्किटांचे पुडे घेऊन मुलीसह तिच्या दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लाटणं काढून दिलं.

नातवंडं आली होतीच. खोबऱ्याचा डबा मधे ठेवला होता, उंच, स्टीलचा. नातवाने हात पुढे केला तशी माझ्या मुलीने त्याचं मनगट धरलं. "बघल्याशिवाय हात घालू नको रे," ती म्हणाली. माझाच आवाज, माझाच सूर. मग तिने डबा उजेडाकडे कलता केला, आत वाकून पाहिलं, हलवून पुन्हा पाहिलं. दप्तरात हात घालतानाही ती आता असंच करते, चपलेत पाय घालतानाही.

इतकी वर्षं मी ओरडून जे सांगत होते, ते ती शिकली होती, माझ्या भीतीसकट. मावशी माझ्याकडे बघत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.

मी डबा जवळ ओढला आणि मुलीकडे बघून हसत, आत न बघता, कोपरापर्यंत हात घातला. आत खोबरंच होतं. मुलगी बघत होती तोवर मी हात बाहेर काढला नाही.